दोन सह्या

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, इथाका शहराजवळ ड्रायडन नावाचं गाव आहे. वस्ती 14,000च्या आसपास. गाव खरं, तिथला खटलाही खरा. पुढे येणारी म्हातारी आणि तिचा शेजारी तेवढे गोष्टीतले.

या भागाच्या पोटात मार्सेलस नावाचा शेलचा खडक आहे आणि त्यात वायू अडकलेला आहे. तो काढायचा तर खोल भोक पाडायचं, खडकापर्यंत पोचल्यावर ते आडवं वळवायचं आणि पाणी, वाळू, रसायनं जबर दाबानं आत सोडायची. खडक फुटतो, वायू वर येतो. वायूबरोबर वर आलेल्या दूषित पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र गावाच्या गळ्यात पडतो.

कंपन्यांची माणसं करारपत्रं घेऊन दारोदार फिरू लागली. म्हातारीकडेही एकजण आला. ती गोठ्यात होती. धार काढण्याआधी गाईची कास कोमट पाण्यानं धूत होती. "वायू तुमच्या जमिनीखाली नुसता पडून आहे. सही करा, घरबसल्या पैसे मिळतील," तो म्हणाला. म्हातारीनं नळ बंद केला, हात पुसले आणि सांगितलं, "ही बोअर माझ्या सासऱ्यांनी मारलेली आहे. गाई हेच पाणी पितात, मीही हेच पिते. मी सही करणार नाही."

शेजाऱ्यानं मात्र सही केली होती. दुधाला भाव नव्हता, खाद्याची उधारी थकली होती, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. म्हातारीला ते कळलं आणि तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. आपण सही केली नाही म्हणजे आपलं शेत सुटलं, अशी तिची समजूत होती.

मग गावात सभा झाली. तिथे एका वकिलानं राज्याचा कायदा समजावून सांगितला. ठरावीक टापूतल्या साठ टक्के जमिनीचे करार झाले, की उरलेली जमीनही त्यात ओढून घेता येते.

म्हातारी उठून उभी राहिली. "पण मी सही केलेलीच नाही!"

"तुमच्या शेतात कुणी पाऊल ठेवणार नाही. भोक खालून येईल. मोबदलाही मिळेल. नाही म्हणायची सोय मात्र नाही," वकील म्हणाले.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. एकटीच्या नकाराला किंमत नव्हती. एका कंपनीनंच गावातली सुमारे 22,000 एकर जमीन करारात घेतली होती.

वाट सापडली ती इथाकाच्याच हेलन आणि डेव्हिड स्लॉटी या वकील दांपत्याच्या अभ्यासातून. पैसे न घेता त्यांनी कायद्याची पानं चाळली होती. वायूचा धंदा कसा चालवायचा हे राज्य ठरवतं, त्यात गावाला ढवळाढवळ करता येत नाही. पण गावात वस्ती कुठे, शेती कुठे, कारखाना कुठे आणि कुठला धंदा मुळीच नको, हे ठरवायचा अधिकार गावाचा. तो अधिकार मंडळानं वापरावा म्हणून गावाच्या मंडळाकडे लोकांचा अर्ज जायला हवा होता, आणि अर्जावर भरपूर सह्या हव्या होत्या.

म्हातारी कागद घेऊन निघाली. पहिलं दार तिनं शेजाऱ्याचंच ठोठावलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "मी कंपनीला सही देऊन बसलोय. आता कुठल्या तोंडानं या कागदावर सही करू?"

"तुझ्या डोक्यावर कर्ज होतं, माझ्या नव्हतं," म्हातारी म्हणाली. "मी तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. पाणी तुझ्या बोअरलाही लागतं ना? मग कर सही."

त्यानं सही केली. एवढंच नाही, तर तोही कागद घेऊन फिरू लागला. करार करून पस्तावलेल्या घरांत म्हातारीला कुणी उभं केलं नसतं. त्याचं मात्र लोक ऐकून घेत. "मला पैसे दाखवले, पाण्याचं कुणी बोललं नाही," एवढंच तो सांगे. 1,500हून जास्त सह्या जमल्या.

2 ऑगस्ट 2011 रोजी ड्रायडनच्या मंडळानं एकमतानं गावात वायू काढायला बंदी केली. पुढच्याच महिन्यात 22,000 एकरवाल्या त्या कंपनीनं गावाला कोर्टात खेचलं. गाव खालच्या कोर्टात जिंकलं, अपिलातही जिंकलं, आणि 30 जून 2014 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध दोन मतांनी गावाचा अधिकार कायम केला. तोवर राज्यातल्या दीडशेहून अधिक गावा-शहरांनी बंदी किंवा स्थगितीचे ठराव केले होते. डिसेंबर 2014मध्ये सगळ्या राज्यातच खडक फोडून वायू काढण्याच्या या पद्धतीवर बंदी जाहीर झाली. हेलन स्लॉटी यांना त्याच वर्षी गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

शेजाऱ्याच्या दुधाला यानं भाव मिळाला नाही. त्याची उधारी त्याला घाम गाळूनच फेडावी लागली. पण अडचणीच्या वेळी जायला आता त्याला म्हातारीचं घर होतं, आणि पुन्हा कुणी करारपत्र घेऊन आलं तर तो एकटा सापडणार नव्हता.

तात्पर्य : आपल्या बांधापुरता दिलेला नकार आपला बांधही राखत नाही. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, म्हणून त्यासाठीचा नकारही सगळ्यांचा हवा. तो सगळ्यांचा व्हायचा असेल, तर गरजेपोटी ज्यानं आधी होकार दिला त्याच्या दारात सर्वांत आधी गेलं पाहिजे. त्याला दोष देत बसलेलं गाव साठ टक्क्यांत हरतं. त्याला सोबत घेणारं गाव कंपनीलाही पुरून उरतं.