मालकी आणि वस्ती

घर ज्याच्या नावावर असते त्याचे, की जो त्यात राहतो त्याचे? प्रश्न ऐकायला पोरकट वाटतो आणि न्यायालयात त्याला एका वाक्यात उत्तर मिळते. परंतु कायद्याने मिटलेले प्रश्न मनातही मिटतात असे नाही. हा प्रश्न तर गेले काही महिने कागदाच्या रूपाने माझ्यापुढे पडून आहे. रायपुरातील तात्यापाऱ्यात आमच्या घराण्याचा एक जुना वाडा आहे. वारसदार सात. वाडा विकावा, तो पाडून तेथे दुकानांची आणि सदनिकांची इमारत उठू द्यावी, असे सहा जणांचे मत पडले आहे. सातवी सही माझी व्हायची आहे.

वाडा म्हटल्यावर पेशवाई थाट डोळ्यांपुढे आणू नये. मातीच्या जाड भिंती, सालवृक्षाचे खांब, वर कवेलू, मध्ये अंगण, अंगणात विहीर आणि तुळस, रस्त्याच्या अंगाला ओसरी आणि ओसरीला लागून दोन खोल्या, इतकाच त्याचा विस्तार. त्या दोन खोल्यांत गेली चाळीसहून अधिक वर्षे एक छत्तीसगढी कुटुंब भाड्याने राहत आले. त्यातली आता एक वृद्ध बाईच उरली आहे. सारा पारा तिला दाई म्हणतो, आणि आम्हीही तेच म्हणतो.

पारा म्हणजे इथल्या बोलीत वस्ती. मराठी कानाला त्यात झाडाभोवतीचा पार ऐकू येतो. व्युत्पत्ती काहीही असो, चार माणसांनी येऊन टेकावे आणि उठायचे विसरून जावे, असेच या वस्त्यांचे झाले आहे. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा, बैजनाथपारा या नावांनी जुने रायपूर आजही ओळखले जाते. आमची मराठी माणसे येथे आली ती राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून छत्तीसगढाचा कारभार केला. १८१८ नंतर ॲग्न्यू नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती सूत्रे आली आणि कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. भोसल्यांपूर्वी येथे हैहयवंशीयांची सत्ता होती. पुढे मध्य प्रांत आला, मध्य प्रदेश आला, आणि २००० सालापासून छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले. दोनशे-तीनशे वर्षांत या भूमीचे धनी इतक्या वेळा बदलले. पहाटे तलावावर जाणाऱ्या बाया, देवळाच्या पायरीवर बसणारे म्हातारे, पौषी पौर्णिमेला धान्य मागत दारोदार फिरणारी छेरछेऱ्याची पोरे, ही मात्र कोणत्याही तहनाम्यात न येता राहतच आली. आमचे पूर्वजही कागद घेऊन आले असतील. पण ते येथले झाले ते कागदामुळे नव्हे. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी छत्तीसगढी बोलत तीन-चार पिढ्या काढल्या, तेव्हा ते येथले झाले.

बुढापाऱ्यात डे भवन नावाचे एक घर दाखवतात. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास आले. रेल्वे अजून येथवर पोचली नव्हती. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नागपुराहून रानातून बैलगाडीने आला. तो मुलगा म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. दत्त कुटुंब रायपुरात सुमारे दोन वर्षे राहिले. ज्या घरात ते राहिले ते त्यांच्या मालकीचे नव्हते. तरी आज त्या घरापुढे थांबणारा माणूस मालकासाठी थांबत नाही. दोन वर्षांची वस्ती तेथे कित्येक वर्षांच्या मालकीहून वजनदार ठरली. यावर कोणी म्हणेल, राहणारा थोर होता म्हणून. खरे आहे. पण मग सामान्य माणसाच्या वस्तीला काहीच वजन नसते काय?

या प्रश्नाचे एक उत्तर याच शहराशी जडलेल्या एका मराठी माणसाने देऊन ठेवले आहे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची घरची भाषा मराठी. त्यांनी लेखणी झिजवली ती हिंदीसाठी. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले. त्यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकात १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची छोटी कथा आली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते आणि शेजारी एका अनाथ विधवेची झोपडी आड येते. वकिलांच्या साह्याने तो झोपडीचा कब्जा मिळवतो. म्हातारी एक दिवस येऊन झोपडीतली टोपलीभर माती मागते, कारण नातीने अन्न सोडले आहे आणि घरच्या मातीची चूल केल्याशिवाय ती जेवणार नाही. माती भरल्यावर टोपलीला हात लावण्याची विनंती ती जमीनदारालाच करते. त्याला ती उचलत नाही. तेव्हा एवढ्या झोपडीतल्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती विचारते, आणि तो शुद्धीवर येतो.

ही कथा मी शाळकरी वयात वाचली तेव्हा अर्थातच म्हातारीच्या बाजूने होते. आता कागद माझ्याच हाती आहे, आणि कथा तितकी सोपी राहिलेली नाही. जमीनदाराला केवळ आवार वाढवायचे होते. माझ्या सहा भावंडांत लोभी म्हणावे असे कोणी नाही. एका चुलतभावाच्या घरी मोठे आजारपण चालू आहे. दुसऱ्याच्या मुलीचे शिक्षण अडले आहे. वाड्याचे भाडे इतके अल्प की त्यातून घरपट्टीही भागत नाही. दाईच्या दोन खोल्यांसाठी त्यांनी आपल्या गरजा किती वर्षे मागे ठेवायच्या? दया करायची ती आपल्या वाट्यातून करावी; दुसऱ्याच्या वाट्यातून केलेली दया ही उधळपट्टी होय.

तेव्हा दाईचा काही हक्क असेल तर तो दयेवर उभा राहता कामा नये. त्याला दुसरा आधार आहे काय? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मालकीचे मूळ श्रमात शोधले: माणूस ज्या वस्तूत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. या न्यायाने पाहिले तर दर दिवाळीला छुही मातीने त्या भिंती कोणी पोतल्या? पावसाळ्याआधी कवेलू फेरणाऱ्याला बोलावून, खाली उभी राहून, गळके ठिकाण बोटाने कोणी दाखवले? आम्ही दुरून पैसे पाठवत होतो, तेही मागितले म्हणजे. पण या युक्तिवादात खोट आहे. गवंडी श्रम करतो म्हणून घर त्याचे होत नाही, आणि दाई राहते त्या घराची डागडुजी तिच्याही सोयीचीच होती.

मग दीर्घकाळ राहणे हाच हक्क मानावा काय? कायदा काही वेळा मानतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, मालकाचा हक्क झुगारून कोणी दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे सलग बारा वर्षे कब्जा ठेवला, तर मालकाचा दावा मुदतबाह्य होतो. भाडेकरूला हा लाभ नाही, कारण दर महिन्याचे भाडे देऊन तो मालकाचा हक्क मान्यच करीत असतो. म्हणजे बारा वर्षांची दांडगाई हक्क मिळवून देते आणि चाळीस वर्षांचा प्रामाणिकपणा तो हक्क दर महिन्याला बुडवतो! १९६१ च्या मध्य प्रदेशच्या कायद्यात भाडेकरूला काढायचे तर मालकाला आपली खरी गरज दाखवावी लागे. छत्तीसगढच्या २०११ च्या कायद्याने मालकाची वाट पुष्कळ सोपी केली. कायदा आपल्या जागी बरोबर असेल. त्याने काय करता येते ते सांगितले. काय करावे, हे त्याने माझ्यावर सोडले आहे.

येथे मला माझ्याच आयुष्यातली एक गोष्ट दिसते. मी या घरची लेक. लग्नापर्यंत ते घर माझे होते, आणि कायद्याने त्यात माझे काही असल्याचे कोणी मानत नव्हते. १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची झाली २००५ च्या दुरुस्तीने. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बाई ‘माहेर’ हा शब्द उच्चारत आली तो कोणत्या खरेदीखताच्या जोरावर? माहेरात तिला बोलावणे होते, बसायला जागा होती, तिच्या नावाने वाट पाहिली जात होती. मालकी नसलेला हा संबंध खोटा होता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? जो संबंध मी माझ्याबाबतीत खरा मानते, तो दाईच्या बाबतीत केवळ भाडेपावतीएवढा कसा मानू? शेवटची मी वाड्यात गेले तेव्हा कुलूप माझ्या किल्लीने निघाले, पण दार उघडेना. दाई आली आणि म्हणाली, ते थोडे उचलून मग लोटावे लागते. मालक मी होते. दाराची खोड तिला माहीत होती.

मला जे उमगते ते इतकेच. घरावर दोन प्रकारचे संबंध जडतात. एकाची किंमत बाजारात ठरते आणि ती वाटून घेता येते. दुसऱ्याची ठरत नाही आणि तो वाटताही येत नाही. पहिला संबंध मोडताना दुसराही आपोआप मोडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने त्या मोडण्याचे देणे प्रथम चुकवले पाहिजे. उरेल ते सातांनी वाटून घ्यावे. हे देणे दयेत जमा करू नये. ते खर्चाच्या पहिल्या रकान्यात, घरपट्टीच्याही वर, मांडावे.

म्हणून मी भावंडांना लिहिले आहे. विक्रीला माझी हरकत नाही; पण नव्या इमारतीत तळमजल्यावर दाईला तिच्या हयातीपर्यंत, आजच्याच भाड्याने, एक खोली असावी, आणि बांधकाम चालू असेतो तिची सोय त्याच पाऱ्यात व्हावी. तिचा भार सातांनी उचलावा. ते मान्य नसेल तर माझ्या वाट्यातून कापावा. याने सारा हिशेब फिटतो असे मी मानत नाही. अंगण, विहीर, संध्याकाळी ओसरीवर येऊन बसणाऱ्या शेजारणी, यांतले काहीच मला तिला परत देता येणार नाही.

उत्तर अजून आलेले नाही. मधल्या काळात दाईचा निरोप आला: पावसाळा जवळ आला, कवेलू फेरावे लागतील, यंदा पैसे कोण देणार? विकायच्या घराचे छप्पर दुरुस्त करणे व्यवहाराला धरून नाही, हे मला कळते. पैसे मी पाठवले.