अमर, गामिनी आणि संजीवनी

वर्षभर नेकीने राबलेल्या माणसाचा निवाडा त्याच्या एका दिवसावरून करावा काय? हा प्रश्न परीक्षागृहात, कचेरीत आणि संसारात वारंवार उभा राहतो. परंतु त्याचे सर्वांत उघडे रूप पाहावयाचे असेल तर खेळाच्या मैदानाकडे वळावे. तेथे निकाल लपत नाही. पंचांची शिट्टी वाजते, फलकावर आकडे उमटतात आणि शेकडो डोळ्यांदेखत एक संघ विजेता ठरतो, दुसरा मान खाली घालून परततो.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. भाताची कापणी-झोडणी उरकली की मोकळ्या झालेल्या शेतात मैदान तयार होते. ढेकळे फोडून, पाणी मारून जमीन चोपली जाते, फक्कीने रेषा आखल्या जातात, बांबूंना दिवे टांगले जातात आणि कबड्डीचे सामने सुरू होतात. गावोगावच्या या सामन्यांचा कायदा बहुधा एकच असतो : हरला तो बाद. टेम्पोत बसून दहा कोसांवरून आलेला संघ पहिल्याच सामन्यात हरला, तर त्याच टेम्पोने त्याने घरी जावे. सराव किती केला, मागच्या महिन्यात कोठे कोठे बाजी मारली, याची विचारपूस कोणी करीत नाही.

२०१४ साली या खेळाला व्यावसायिक रूप आले. प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या हंगामात आठ संघ होते. प्रत्येकाने साखळीत १४ सामने खेळावयाचे, गुणतक्त्यातील पहिल्या चार संघांनी उपांत्य फेरीत जावयाचे आणि तेथून पुढे मात्र आपल्या गावातला तोच जुना कायदा : हरला तो बाद. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात जयपूरच्या संघाने यजमान यू मुंबाला ३५-२४ असे हरविले. पुढील वर्षी यू मुंबाने बंगळूरवर ३६-३० अशी मात करून विजेतेपद मिळविले. पुढे संघ बारा झाले, साखळी लांबली, बाद फेरीची रचना बदलली. पण हंगामाचा शेवट एका रात्रीवर सोपविण्याची रीत कायम राहिली.

ही रीत न्याय्य आहे काय? आठव्या हंगामाचे उदाहरण घ्या. पाटण्याच्या संघाने साखळीत ८६ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला. दिल्लीचा संघ ७५ गुणांवर दुसरा होता. प्रत्येकी २२ सामन्यांनंतरचे हे ११ गुणांचे अंतर काही थोडेथोडके नव्हे. परंतु २५ फेब्रुवारी २०२२ रोजी अंतिम सामन्यात दिल्लीने ३७-३६ अशी सरशी साधली आणि चषक दिल्लीला गेला. सबंध हंगामाच्या ११ गुणांवर एका रात्रीचा एक गुण भारी पडला. त्याआधी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याहून मोठा हिशेब असाच पुसला गेला होता. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके मिळविणारा भारतीय पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला आणि कांस्यपदक घेऊन परतला. त्या संघात कल्याणचा गिरीश इरनाकही होता. मुरबाडला ज्या कल्याणहून एस. टी. जाते, त्याच कल्याणचा हा बचावपटू. अठ्ठावीस वर्षांची परंपरा चाळीस मिनिटांत संपली.

कोणी म्हणेल, यात नवल ते काय? जीवन असेच आहे. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याने चार महिने चिखलात पाय रोवून भात वाढवावे आणि कापून ठेवलेल्या कडपांवर ऐन दिवाळीच्या तोंडाला एका रात्रीत पाऊस कोसळावा, हे त्याने अनेकदा सोसले आहे. हे खरे, पण या युक्तिवादात एक खोट आहे. पाऊस माणसाने नेमलेला नाही. स्पर्धेचा नियम माणसाने केलेला आहे. पावसाला जाब विचारता येत नाही, नियमाला विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. निसर्ग निष्ठुर आहे म्हणून माणसानेही निष्ठुर व्हावे, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

तर मग दीर्घ हिशेब हाच खरा न्याय, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसे म्हणण्यापूर्वी आणखी एका खेळाच्या पहिल्या दशकांकडे पाहणे उचित ठरेल. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल हा खेळ रचला आणि थोड्याच वर्षांत पैसे घेऊन खेळणारे संघ तेथे उभे राहिले. १९२३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रॉबर्ट डग्लस यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंचा ‘न्यूयॉर्क रेनेसाँ’ हा संघ स्थापन केला. १९३२-३३ च्या हंगामात या संघाने सलग ८८ सामने जिंकले. तरीही प्रमुख व्यावसायिक लीगची दारे त्याला बंदच होती. खेळाडू बसमधून गावोगाव हिंडत, सामने खेळत. अनेक ठिकाणी त्यांना उपाहारगृहात जेवण किंवा राहावयास खोली मिळत नसे.

१९३९ च्या मार्च महिन्यात शिकागोत हंगामाच्या अखेरीस व्यावसायिक संघांची एक जागतिक म्हणविली जाणारी बाद स्पर्धा भरली आणि तिच्यात गोऱ्या संघांबरोबर कृष्णवर्णीय संघांनाही प्रवेश मिळाला. अंतिम सामन्यात रेनेसाँने ऑशकॉश या लीगमधील नामांकित संघाला ३४-२५ असे हरविले. विजेत्यांना जी जाकिटे मिळाली त्यांच्यावर ‘कृष्णवर्णीयांचे जगज्जेते’ अशा अर्थाची अक्षरे होती. जॉन आयझॅक्स या खेळाडूने पाते घेऊन त्यांतील वर्ण सांगणारा शब्द उसवून काढला; उरले ते नुसते ‘जगज्जेते’. पुढच्याच वर्षी ही स्पर्धा हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय संघाने जिंकली. १९४८ नंतर ती भरली नाही, आणि एन. बी. ए. या आजच्या विख्यात लीगमध्ये पहिले कृष्णवर्णीय खेळाडू उतरले ते १९५० साली.

या इतिहासाने आपल्या प्रश्नाला वेगळेच वळण मिळते. दीर्घ हिशेब न्याय्य खरा, पण केवळ त्यांच्यापुरता, ज्यांचे नाव वहीत लिहिलेले आहे. ज्यांना वहीतच जागा नाही, त्यांच्यासाठी वर्षभराचा हिशेब म्हणजे वर्षभराचा अन्याय होय. त्यांना हवा असतो एक दिवस, एक मोकळे दार आणि समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी. बाद स्पर्धा क्रूर असते हे खरेच. परंतु तू कोण, कोठला, तुझ्यामागे कोण आहे, असे ती विचारीत नाही. ‘खेळतोस का?’ एवढेच विचारते. शहापूरच्या एखाद्या पाड्यावरील मुलाला शहरातल्या क्लबाचे मॅट नाही, प्रशिक्षक नाही, रोजच्या सरावाला जाण्यायेण्याचे भाडेही नाही. त्याचे नाव कोणत्याच वहीत नाही. त्याच्यासाठी ती शेतातली रात्र म्हणजे नुसती करमणूक नसते. कोणा जाणत्याची नजर त्याच्यावर पडण्याची ती एकमेव वेळ असू शकते.

म्हणजे दोन्ही न्याय अपुरे आहेत. मग पुरा न्याय कोणता? माझ्या मते त्याचे उत्तर कबड्डीनेच फार पूर्वी देऊन ठेवले आहे. या खेळाचे जुने प्रकार तीन. ‘अमर’ या प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडीत नाही. गुण तेवढे मोजले जातात आणि खेळ चालू राहतो. ‘गामिनी’त बाद झालेला गडी बाहेर जातो तो सगळा संघ बाद होईपर्यंत परतत नाही. ‘संजीवनी’त बाद झालेला गडी बाहेर बसतो खरा, पण त्याच्या सोबत्याने प्रतिपक्षाचा एक गडी टिपला की तो उठून पुन्हा मैदानात येतो. साखळी स्पर्धा ही अमराच्या जातीची. तेथे कोणी जात नाही, फक्त हिशेब चालतो. बाद स्पर्धा गामिनीच्या जातीची. गेला तो गेला. आणि आज शेतातल्या मातीपासून रंगीत मॅटपर्यंत सर्वत्र जो खेळ रूढ आहे, तो मात्र संजीवनीचा आहे.

ही निवड मला अर्थपूर्ण वाटते. अमरात पडण्याला किंमत नाही, म्हणून उठण्यालाही नाही. गामिनीत पडण्याला एवढी किंमत आहे की उठणे जवळजवळ उरतच नाही. संजीवनीत पडणे खरे आहे, बाहेर बसणे खरे आहे, लाजही खरी आहे. परंतु तो शेवट नाही. आणि यातील मर्म असे की बाहेर बसलेला गडी स्वतःच्या बळावर उठू शकत नाही. त्याला उठविणारा गुण दुसऱ्याने मिळवावा लागतो.

येथे मैदानावरचा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. पहिल्या हंगामात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमार यांच्यावर १२ लाख ८० हजारांची बोली लागली होती. २०१८ मध्ये बोलीने कोटीची रेषा ओलांडली. एवढे मोठे दार किलकिले झाल्यावर गावोगावची पोरे पहाटे उठून धावू लागली तर त्यात त्यांचा काय दोष? मात्र त्या दारातून जाणारे मोजके. निवड चाचणीच्या दिवशी ज्याचा पाय मुरगळला, ज्याची एक चढाई फसली, ज्याचे नाव यादीत आले नाही, तो विशी-बाविशीत गावी परततो. २०१६ साली महिलांसाठी तीन संघांची व्यावसायिक स्पर्धा झाली. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने २४-२३ असा जिंकला; पण ती स्पर्धा पुढे चालू राहिली नाही. तेथे तर हरलेल्या संघाबरोबर जिंकलेला संघही बाहेर बसला.

अशा वेळी सभोवतालचा समाज कोणता खेळ खेळतो, यावर सारे अवलंबून असते. ‘काय, झाले ना कबड्डीचे वेड पुरे?’ असे जो चावडीवर विचारतो तो गामिनी खेळतो. ‘हरणे-जिंकणे सारखेच’ असे जो सांगतो तो वरवर दयाळू दिसतो, पण तो अमर खेळतो. मुलाच्या दुःखाला त्याने किंमतच दिलेली नसते. संजीवनी खेळणारा वेगळा असतो. तो परतलेल्या मुलाला गावच्या लहानग्यांना शिकवावयास मैदानावर बोलावतो, अर्धी राहिलेली बारावी पूर्ण कर म्हणून फीचे पाहतो, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्याकडे शब्द टाकतो. तो स्वतः एक गुण मिळवितो आणि दुसऱ्याला उठवितो.

अंतिम सामने होत राहतील आणि ते व्हावेतही. एक दिवस असा असावा की ज्या दिवशी सगळे पणाला लागते. त्यावाचून खेळात प्राण नाही आणि कदाचित जगण्यातही नाही. परंतु त्या दिवसाने सांगावे ते एवढेच की आज कोण जिंकला. कोण लायक आणि कोण नालायक, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. पाटण्याचे ८६ गुण ३७-३६ ने खोटे ठरले नाहीत. भात पावसात भिजले म्हणून शेतकऱ्याचे चार महिने आळसात गेले असे कोणी शहाणा म्हणणार नाही. फलक निकाल सांगतो. माणसाचे मोल सांगणे हे फलकाचे काम नव्हे. ते काम त्याच्या माणसांचे आहे. मैदानाबाहेर मान खाली घालून बसलेला गडी त्यांच्याकडेच पाहत असतो.