बागेतला देवदूत



११ फेब्रुवारी हा लुर्डमातेचा सण. संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९२ साली हा दिवस ‘जागतिक रुग्ण दिन’ म्हणून जाहीर केला आणि १९९३ पासून ख्रिस्तसभा तो पाळीत आहे. त्याच्या आठवडाभर आधी, ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिन येतो. ह्या निमित्ताने आज आपण गेथसेमनी बागेत थोडा वेळ थांबू या.

प्रभू येशू तेथे एकटा होता. शिष्य झोपी गेले होते. हा प्याला टळू दे, अशी विनवणी त्याने पित्याला केली. प्याला टळला नाही. मात्र स्वर्गातून एक दूत आला आणि त्याने प्रभूला धीर दिला. चार शुभवर्तमानकारांपैकी ही नोंद फक्त संत लूक करतात. परंपरा त्यांना वैद्य मानते. दुखणाईताला औषधाइतकीच सोबतीची गरज असते, हे त्यांना ठाऊक असावे.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मावशींना स्तनाचा कर्करोग झाला. घरच्यांनी त्यांना “साधी गाठ आहे” एवढेच सांगितले होते आणि मलाही तसेच बजावले होते. मी इस्पितळात गेलो, प्रार्थना म्हटली, “देवावर भरवसा ठेवा” असे म्हणालो आणि पाच मिनिटांत उठलो. खरे सांगतो, त्यांनी काही विचारले तर काय उत्तर द्यावे, ह्याची मला धास्ती होती.

मी दारापर्यंत पोहोचलो तोच परिचारिका आत आली. तिने सलाईन तपासले आणि स्टूल ओढून ती जवळ बसली. “मावशी, रात्री झोप लागते का? मनावरचं ओझं शून्य ते दहामध्ये किती आहे?” मावशी म्हणाल्या, “नऊ.” आणि रडू लागल्या. वॉर्डातील इतरांना पाहून त्यांना सारे कळले होते. “पण मला कळलंय हे घरी समजलं, तर ते खचतील,” असे त्या म्हणाल्या. घरचे त्यांच्यापासून लपवीत होते आणि त्या घरच्यांपासून!

ती परिचारिका “रडू नका” असे म्हणाली नाही. तिने हात हातात घेतला आणि रडू दिले. मग सोप्या शब्दांत समजावले: केस गळतील, पण उपचार संपल्यावर ते बहुधा पुन्हा येतात. उलटी होऊ नये म्हणून आधीच औषध देतात. ताप १००.४ वर गेला तर मध्यरात्र असली तरी लगेच इस्पितळ गाठायचे. शेवटी तिने विचारले, “घरच्यांशी बोलताना मी सोबत थांबू का?” त्या संध्याकाळी नवरा-बायको प्रथमच एकत्र रडले. त्यानंतर मावशींना झोप लागली.

मी उपदेश करून निघालो होतो. देवदूताचे काम तिने केले होते.

बंधू-भगिनींनो, पुढे काय होणार हे ठाऊक नसले की भीती दुप्पट होते. म्हणून परिचारिका आधी ऐकते, मग खरे तेच सांगते. शून्य ते दहाची ती मोजपट्टी त्यासाठीच असते. ओझे जास्त दिसले, तर ती समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला बोलावते. कर्करोगात मन उदास होणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. प्रभूलाही त्या बागेत घाम फुटला होता!

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉंडर्स आधी परिचारिका होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. वेदना शरीराची असते तशी मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांनी जगाला शिकवले. आपल्या वांद्र्याला शांती आवेदना सदनात १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णांची अशीच सेवा चालते. आपण परिचारिकेलाही ‘सिस्टर’ म्हणतो आणि व्रतस्थ भगिनीलाही. हे काही उगाच नाही.

आणि आपण? आजाऱ्याला भेटायला जातो आणि “अमक्याचंही असंच झालं होतं” हे पुराण लावतो. नाहीतर झाडपाल्याचे सल्ले देतो. हीसुद्धा शिष्यांची झोपच आहे. ह्या आठवड्यात एवढे करू या. जवळच्या एका आजाऱ्याकडे जाऊ, कमी बोलू, “तुम्हाला कसली काळजी वाटते?” असे विचारू आणि उत्तर येईपर्यंत बसून राहू. कुणाला परळच्या टाटा इस्पितळात जायचे असेल, तर पहाटेच्या लोकलने सोबत जाऊ. आपल्या घरोघरच्या परिचारिका मुली-सुनांनाही विसरू नका. वॉर्डातले दुःख त्या मनात घेऊनच घरी येतात. रात्रपाळीहून आलेल्या मुलीला चहा देताना “आजची रात्र कशी गेली गं?” असे एकदा तरी विचारा.

हे प्रभू येशू, बागेत तुला धीर देणारा दूत पित्याने पाठवला. आमच्या आजारी बांधवांकडे आम्हांला पाठव. जागे राहण्याचे बळ दे. आमेन.

तुमचा धर्मगुरू