आधीच्या मालकाचं पाणी

जुनी गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात सीट कव्हरं बदलतात, डॅशबोर्डवर गणपती बसतो, पुढे लिंबू-मिरची लटकते. रेडिएटरची टोपी उघडून बघणारा विरळा. राखलेल्या गाडीत टोपीखाली स्वच्छ हिरवं, गुलाबी किंवा केशरी कूलंट दिसतं. न राखलेल्या गाडीत टोपीच्या रबरी वायसरला तपकिरी चिखल चिकटलेला असतो, होज पाईपच्या जोडावर पांढरट खार चढलेला असतो. खालचा ड्रेन कॉक सैल केला की ट्रेमध्ये पडतं ते कूलंट नसतंच. ते गंजाचं पाणी असतं. पाच मिनिटं तसंच ठेवलं तर तळाशी तांबडा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात बोट बुडवलं तर चिकटपणाचा मागमूस नसतो. कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतत आलेलं असतं.

त्यामागचं तर्कशास्त्र गावोगावी सारखंच: आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कूलंट म्हणजे थंड देशातली चैन, असा समज. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, हे खरं, आणि साताऱ्याला त्याचा उपयोग नाही, हेही खरं. पण तेच मिश्रण शंभराच्या पुढे पाच-सात अंशांनी उकळतं, टोपीच्या दाबाखाली आणखी वीसेक अंश वर जाऊन. शिवाय त्यात गंजरोधकं असतात आणि खरं काम त्यांचं असतं. साध्या पाण्यात लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोअरच्या जड पाण्यातला चुना इंजिनाच्या सगळ्यात गरम भिंतींवर थर धरतो आणि नेमकी तिथली उष्णता कोंडतो. कूलंट घातलं पण बदललंच नाही, तरी गत फार वेगळी होत नाही. जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटमधली गंजरोधकं साधारण दोन वर्षांत संपतात, नव्या सेंद्रिय आम्लांवरच्या प्रकारातली पाचेक वर्षांत. पुढे ग्लायकॉलचंच आम्ल होऊ लागतं.

गंमत अशी की हे चालू असताना गाडीला काहीही होत नाही. काटा मध्यावर, एसी गार, ॲव्हरेज ठीक. पहिला मालक तीन-चार वर्षं खुशाल फिरतो आणि गाडी विकून मोकळा होतो. जाहिरातीत ती ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी’ असते. (महाराष्ट्रात विकायला निघालेल्या गाड्या पाहिल्या तर इथले डॉक्टर दर वर्षी गाडी बदलत असावेत.) मग मे महिन्यात, चारजण आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढताना काटा लाल रेघेला टेकतो तो दुसऱ्या मालकाच्या डोळ्यांदेखत. हेड गॅस्केट जाते, ऑइल दुधाळ होतं आणि बिल दुसऱ्याच्या नावानं फाटतं.

करणारा एक, भोगणारा दुसरा. भारतीय दर्शनकारांना नेमकं हेच खपत नसे. त्यांनी या दुखण्याला दोन नावं दिली होती. कृतनाश म्हणजे केलेल्या कर्माचं फळ कर्त्यापर्यंत न पोचता वाया जाणं. अकृताभ्यागम म्हणजे जे केलंच नाही त्याचं फळ गळ्यात पडणं. एखाद्या मतातून यांपैकी एक जरी निष्पन्न झालं, तरी ते मत खोटं ठरवायला तेवढं पुरे असे. न्यायसूत्रांत अकृताभ्यागमाचा आक्षेप हत्यारासारखा वापरला आहे. बाराव्या शतकात गुजरातेत जैन आचार्य हेमचंद्रांनी हे दोन्ही दोष बौद्धांवर टाकले: सगळं क्षणोक्षणी बदलतं म्हणता, तर काल करणारा आणि आज भोगणारा एक कसा? पुनर्जन्माचा एवढा मोठा डोलारा उभा आहे तो बऱ्याच अंशी हे दोन दोष टाळण्यासाठी. सेकंड हँड गाडीच्या बाजारात मात्र दोन्ही दोष उजळ माथ्यानं फिरतात. पहिला मालक म्हणजे कृतनाश, दुसरा म्हणजे अकृताभ्यागम, आणि दोघांच्या मध्ये आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०.

यावर एक तयार उत्तर गॅरेजमध्येही ऐकू येतं: मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल. ते कुठल्याही गाडीला बसतं, आणि तिथेच ते लंगडं पडतं. त्यानं गंज कसा चढला ते कळत नाही, आणि ज्यानं बोअरचं पाणी ओतलं तो परस्पर सुटतो.

त्याला सुटू न देणारा युक्तिवाद बौद्धांकडेच सापडतो. मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. त्यातला रथाचा दाखला सगळ्यांना ठाऊक असतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठला? गाडीवरच्या लेखात तो यायचाच, पण इथे उपयोगी आहे ती त्याच ग्रंथातली शेकोटी. थंडीत एकानं शेकोटी पेटवली, अंग शेकलं आणि न विझवता निघून गेला. आग पसरत दुसऱ्याच्या शेतात गेली. राजापुढे उभा केल्यावर तो म्हणाला, मी पेटवली ती आग वेगळी, शेत जाळलं ती वेगळी. नागसेन विचारतो, हा सुटेल का? आणि मिलिंदच कबूल करतो की सुटणार नाही, कारण नंतरची आग आधीच्या आगीतूनच आली. खंबाटकीत उकळलेलं पाणी आणि चार वर्षांपूर्वी ओतलेलं पाणी एकच नाही. पण एकातून दुसरं आलं हे नाकारता येत नाही.

पहिला मालक दोषी ठरला. पण शेकोटीच्या गोष्टीत एक माणूस कोपऱ्यातच राहतो. ज्याचं शेत जळलं तो. दोष कुणाचाही असो, पुढच्या हंगामाला नांगर त्यालाच धरायचा आहे. दुसऱ्या मालकाची जागा त्याची आहे, आणि त्याच्यासाठी कर्मापेक्षा दुसरी एक जुनी कल्पना अधिक कामाची आहे: ऋण.

तैत्तिरीय संहिता सांगते की ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्मतो: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मण त्यात चौथं, मनुष्यांचं ऋण घालतं. तान्ह्या मुलानं असं काय केलं, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही, कारण हा गुन्ह्याचा हिशेब नव्हेच. आपण जे वापरतो ते आधी कुणीतरी वापरलेलं असतं आणि बाकी चालू असते, एवढंच. व्यवहारातल्या कर्जालाही स्मृतिकारांनी हे लावलं: बापाचं कर्ज मुलानं फेडावं. मात्र आंधळेपणानं नव्हे. दारूचं, जुगाराचं कर्ज, तसंच बापाला झालेल्या दंडाची बाकी मुलावर येत नाही, असं याज्ञवल्क्य सांगतो. (हा नियम ई-चलानला लावता आला असता तर किती बरं झालं असतं. ते गाडीच्या नंबरावरच बसतं आणि गाडीबरोबर नव्या दारी येतं.)

मुंबई इलाख्यात तर वारशात दमडी मिळाली नसली तरी बापाचं कर्ज मुलावर धरलं जाई. १८६६ च्या कायद्यानं त्याला आळा घातला: वारसाच्या हाती जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलाचं हे धार्मिक बंधन पुढच्या कर्जांपुरतं काढूनच टाकलं. पण १८६६ ची ती मर्यादा जुन्या गाडीला चपखल बसते. गाडी नव्यापेक्षा काही लाखांनी स्वस्त मिळते, ती काही अंशी तिच्या पोटात काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं म्हणून. ती सूट हाती आलेलीच आहे. त्यातले दोन-तीन हजार फ्लशिंगला घालताना ‘मी का भोगू?’ म्हणणं म्हणजे वारसा घेऊन कर्ज नाकारणं.

फेडायचं तर कसं? काम फार अवघड नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर टोपी काढायची. गरम असताना काढली तर उकळता फवारा तोंडावर येतो. जुनं पाणी सोडायचं, डिस्टिल्ड वॉटर भरायचं, इंजिन चालू करून भर उन्हाळ्यातही हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा म्हणजे त्याच्या नळ्यांमधूनही पाणी फिरतं. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर साधारण ८२ अंशांपुढे तो उघडतो आणि वरचा होज हाताला गरम लागतो. नसेल, तर आधीच्या कुणा मेकॅनिकनं ‘गाडी तापणार नाही’ म्हणून तो काढून फेकलेला असतो. मग इंजिन गार होऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा भरायचं.

यातलं गणित मजेशीर आहे. सहा लिटरच्या गाडीत दर खेपेला चारच बाहेर पडले, तर दोन लिटर ब्लॉकमध्ये राहतात. जुनं पाणी आधी तिसरा हिस्सा उरतं, मग नववा, मग सत्ताविसावा. शून्य कधीच होत नाही. शेवटी आत उरलेलं दोन लिटर साधं पाणीही धरावं लागतं. तयार मिश्रण चार लिटर ओतलं तर कूलंट निम्म्याऐवजी तिसरा हिस्साच होतं. म्हणून तीन लिटर निव्वळ कूलंट आणि एक लिटर डिस्टिल्ड वॉटर. कुठलं कूलंट, ते गाडीच्या पुस्तकात बघायचं, रंगावर जायचं नाही. न जुळणारे दोन प्रकार मिसळले तर आत जेलीही होऊ शकते.

सगळं धुऊन निघतं असंही नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मविपाकाला एक अख्खं प्रकरण दिलं आहे. वेदान्ताची वाटणी त्यात येते: संचितापैकी ज्याचं फळ सुरू झालं ते वेगळं, ज्याचं व्हायचं आहे ते वेगळं. ज्ञानानं दुसरं जळतं, पहिलं भोगूनच संपतं. शंकराचार्यांनी त्यासाठी हात काढल्यावरही फिरत राहणाऱ्या कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त दिला. रेडिएटरात ही वाटणी हातानं चाचपता येते. सुटा गंज, गाळ, आम्ल वाहून जातं. ॲल्युमिनियमला पडलेले खड्डे, फुगलेले होज, झिजलेला वॉटर पंप तसेच राहतात. कधीकधी गंजाच्या पापुद्र्यानंच बारीक भोक बुजलेलं असतं. ‘फ्लश केलं आणि गळायला लागली’ ही तक्रार खोटी नसते. भोक आधीच होतं.

आणि ट्रेमधलं ते पाणी? बहुतेक गॅरेजांत ते गटारात जातं. त्यात कूलंट उरलेलं असेल तर धोका असतो: ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात. चार किलोच्या मांजराला चहाचा एक चमचा जीवघेणा ठरू शकतो. शरीरात त्याचं आम्ल होतं आणि मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचतात. त्या जनावराला गाडी स्वस्तात मिळाली नव्हती, घाटाची सहलही घडली नव्हती. अकृताभ्यागमाचं याहून निखळ उदाहरण दर्शनकारांनाही सापडलं नसतं, आणि इथे पहिल्या मालकाच्या जागी उभा असतो तो दुसरा. पंचमहायज्ञांतल्या भूतयज्ञात कुत्र्यासाठी अन्न जमिनीवर ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे ऋणाच्या वहीत तोही आहेच. जळक्या ऑइलला निदान गिऱ्हाईक असतं, भंगारवाला ते मोजून घेऊन जातो. जुन्या कूलंटला कुणी विचारत नाही. बुचाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ लिहून, मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडाला लागणार नाही असं ते ठेवणं दुसऱ्या मालकाच्या हातात असतं. तो कॅन पुढे कुणाकडे द्यायचा, हे मात्र त्याला नगरपालिकेत जाऊनच विचारावं लागतं.