उसन्या चाली आणि हौशी गेम

गोडोसारखे गेम इंजिन फुकट मिळते, शिकवणारे व्हिडिओही हवे तेवढे. थोडी चिकाटी दाखवली की पडद्यावर एक चौकोन पळायला, उड्या मारायला लागतो. खरी अडचण त्यापुढे येते. त्या चौकोनाला चेहरा हवा, पायाखाली जमीन हवी, मागे काहीतरी वाजायला हवे. उत्तम प्रोग्रॅमर, चित्रकार आणि वादक एकाच माणसात क्वचितच सापडतात. मग बेळगावचा विद्यार्थी असो की बर्लिनचा, तो तयार मालाकडे वळतो: ओपनगेमआर्टवरची चित्रे, डच कलाकार केनीचे मोफत संच, बार्सिलोनाच्या पोंपेऊ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेल्या फ्रीसाउंडवरचे आवाज, केविन मॅक्लाउडच्या संगीतरचना.

‘सगळे उचललेलेच आहे, यात तुझे काय?’ हा प्रश्न अशा मुलांना हमखास ऐकावा लागतो. बेळगावात तरी तो विचारण्याआधी थोडे मागे वळून पाहावे.

संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये बेळगाव परिसरातल्या गुर्लहोसूरला जन्मले. नोकरी सांभाळून नाटकाचा नाद जोपासणारा हा माणूस. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. कथा कालिदासाची. पदांच्या चाली लावणीच्या, कीर्तनातल्या साकी-दिंडीच्या, कानडी गाण्यांच्या. शब्द त्यांचे, आणि कोणत्या प्रसंगाला कोणती चाल बसेल ही जाणही त्यांची. त्या काळच्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल – अमुक’ अशी नोंद छापलेली असे. गाणाऱ्याची सोय व्हायची आणि चाल कुठून आली तेही कळायचे.

हौशी गेमवाल्याकडूनही एवढीच अपेक्षा आहे. मॅक्लाउडच्या बहुतेक रचना क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-परवान्याखाली मिळतात. पैसे नकोत, पण रचनेचे नाव, कर्त्याचे नाव, परवान्याचा दुवा आणि काही बदल केला असेल तर तसा उल्लेख हवा. केनीच्या संचांना हेही बंधन नाही. तरी नाव द्यावे. ‘लुडम डेअर’ या २००२ पासून चालत आलेल्या स्पर्धेने यातून चांगली वाट काढली. तिच्या एका विभागात एकट्याने ४८ तासांत सगळे स्वतः करायचे. दुसऱ्यात उसना माल चालतो. मात्र चित्रे किंवा संगीत स्वतःचे नसेल, तर त्या सदरातल्या गुणांवर हक्क सांगायचा नाही. उसनवारीला मज्जाव नाही आणि लपवाछपवीला जागाही नाही.

विकतचा संच जसाच्या तसा उचलून, वर नवे नाव चिकटवून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकायला ठेवणारेही आहेत. त्यांच्यावरची टीका रास्तच आहे, कारण तिथे निवड नाही, जुळवणी नाही, खेळणाऱ्याचा विचार नाही. पण त्यांच्यामुळे मन लावून जुळवाजुळव करणाऱ्या पोराला त्याच रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे.

तयार मालाची खरी उणीव वेगळीच आहे. बेळगावच्या किल्ल्यावर गेम करायचा म्हटले, तर संचात किल्ले भरपूर मिळतात. सगळे युरोपातले, टोकदार मनोऱ्यांचे. किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजांच्या काळात, १२०४ मध्ये उभे राहिले. त्याच्या छतातले कोरीव कमळ कोणत्या संचात शोधणार? निपाणीच्या तंबाखूच्या शेताऐवजी गव्हाचे शेत घ्यावे लागते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर मराठी आणि कानडी भक्तांच्या कानांवर एकच चौंडके पडते. गेममध्ये त्या वाटेवर पियानो वाजतो. असे दहा गेम झाले की त्या मुलालाच वाटू लागते, की गेम म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी मुलखाची गोष्ट.

यावर उपाय आवाक्यातला आहे. पारंपरिक चालीवर कुणाची मालकी नसते. तिच्या ध्वनिमुद्रणावर मात्र असते, आणि आपल्या कॉपीराइट कायद्याने कलावंताच्या सादरीकरणालाही ५० वर्षांचे संरक्षण दिले आहे. म्हणून यूट्यूबवरून गाणे उतरवून घेणे चूक. वाजवणाऱ्यासमोर बसून, तो आवाज कुठे जाणार हे नीट समजावून, त्याची परवानगी घेऊन आणि ठरलेले मानधन देऊन मोबाइलवर मुद्रण करणे योग्य. नुसत्या चौंडक्याचे दहा सेकंदांचे आवर्तन स्वच्छ टिपले, तरी गेममध्ये ते हवे तितके फिरवता येते.

बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी गेमची स्पर्धा घेतली, तर तिच्या नियमांत दोन कलमे घालावीत. श्रेयनामावली नसलेला गेम बाद. आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक गटाने या भागातला एक आवाज किंवा एक चित्र स्वतः तयार करून, कलावंताच्या संमतीने आणि त्याच्या नावासह, मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी ठेवायचे. वीस गटांनी भाग घेतला, तरी पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाताशी इथल्या वीस गोष्टी असतील.