बरोबरीचा डाव

बुद्धिबळाच्या पटावर तीनच शेवट संभवतात : जय, पराजय आणि बरोबरी. पैकी तिसऱ्याला शेवट मानायला आपण सहसा तयार नसतो. ‘मग जिंकले कोण?’ हा प्रश्न उरतोच.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. एकीकडे नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, दुसरीकडे तिच्या दुप्पट वयाची कोनेरू हंपी. पहिल्या डावात दिव्याने वजिराच्या बाजूचे एक प्यादे देऊ केले. हंपीने ते मारले. ही सुरुवात फार जुनी आहे. देणारा काही दानशूर नसतो. त्याला पटाचा मध्य हवा असतो. घेणाऱ्यालाही ते प्यादे पचणार नाही, हे ठाऊक असते. पुढे दिव्याचे पारडे जड झाले, पण नेमकी चाल निसटली आणि ४१ चालींनंतर अर्धा-अर्धा गुण वाटून घ्यावा लागला.

पेठच्या पावसात, पडवीत बसून मी हा डाव पटावर मांडला आणि मला दादांची आठवण झाली.

भातखाचराच्या बांधावरून आम्हां भावांत दोन वर्षे अबोला होता. अखेर मीच म्हणालो, “दादा, निम्मे निम्मे करू.” ते लगेच ‘बरं’ म्हणाले. लोकांनी माझ्या समजूतदारपणाचे कौतुक केले. ते कौतुक मला अजून बोचते. मोजणीचे जुने कागद माझ्या पेटीत होते. ते दादांच्या बाजूचे निघतील, या भीतीने मी ते उघडलेच नव्हते. जे प्यादे मी उदारपणे देऊ केले, ते मुळी माझे होते का?

तडजोड वाईट, असे मला म्हणायचे नाही. पण पटावर दोघांचीही सगळी मोहरी उघडी असतात. म्हणून तिथली बरोबरी खरी. एकाने काही झाकून ठेवले, की तिला बरोबरी म्हणू नये. बातुमीत दुसरा डावही बरोबरीत सुटला. २८ जुलैला जलद डावांत दिव्या जिंकली. तरी आधीच्या दोन बरोबऱ्या खोट्या ठरल्या नाहीत.

दादांना सारे ठाऊक असेल काय? त्यांचे ते झटपट ‘बरं’ आठवले, की तसे वाटते. भाऊबीजेला ताईकडे आम्ही दोघे जाणार आहोत. जेवणानंतर पट मांडायचा, आणि आधी त्यावर ते कागद ठेवायचे, असे मी ठरवले आहे. पहिली चाल माझी.