शिल्लक आणि साक्ष

हेब्बाळचे तळे आज बंगळूरच्या वाहत्या रस्त्यांच्या आणि उड्डाणपुलांच्या वेढ्यात सापडले आहे. ते 1537 साली केंपेगौडाने बांधविले असे परंपरा सांगते. 1876 साली हेब्बाळ हे शहराच्या उत्तरेचे एक खेडे होते, आणि बंगळुरात म्हैसूर संस्थानाचा कारभार पाहणारे इंग्रज कमिशनर बसत. 1831 पासून ही राजवट चालली होती. तिला जाब विचारण्याचे कोणतेही साधन रयतेच्या हाती नव्हते. पुढच्या दोन वर्षांत पावसाने दगा दिला, तळी आटली, माणसे रस्त्यांवर मेली. याच राजवटीने 1871 साली संस्थानाची शिरगणती केली, तेव्हा 50 लाख 55 हजार माणसे मोजली गेली होती. 1881 च्या फेब्रुवारीत, राज्य वडेयर घराण्याला परत करण्याआधी काही आठवडे, तिनेच पुन्हा गणती केली. ती 41 लाख 86 हजार भरली.

या दोन आकड्यांवर आपण विश्वास ठेवतो. आणि ठेवतो तो मोजणाऱ्याच्या सचोटीमुळे नव्हे, तर ते मोजणाऱ्याच्याच विरुद्ध साक्ष देतात म्हणून. रयतेला उत्तरदायी नसलेल्या सत्तेने मांडलेला हिशेब खरा मानावा काय, या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. सरकारी म्हणून सारे खरे, हे एक. जुलमी सरकारचे म्हणून सारे खोटे, हे दुसरे. दुसऱ्या उत्तरात बाणेदारपणा दिसतो, पण वाचण्याचे कष्ट दोन्हींत सारखेच वाचतात.

हे कष्ट ज्यांनी घेतले त्यांत गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव अग्रभागी आहे. बंगळूरला हे नाव परके नाही. गोखल्यांच्या निधनानंतर तीनच महिन्यांच्या आत, मे 1915 मध्ये, त्यांच्या तसबिरीचे अनावरण याच शहरात गांधीजींच्या हस्ते झाले; पुढे 1945 साली डी. व्ही. गुंडप्प यांनी त्यांच्या नावाने येथे संस्था उभारली. आपल्याला मात्र त्याआधीचे, 1897 चे गोखले पाहायचे आहेत. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले होते. पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोऱ्या शिपायांनी घरोघर जे केले त्याच्या वार्ता त्यांना पत्रांतून कळल्या. त्यांवर विसंबून त्यांनी इंग्लंडात जाहीर आरोप केले. परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रलेखकांपैकी कोणी पुढे येईना. गोखल्यांना माफी मागावी लागली, आणि स्वकीयांचाही उपहास सोसावा लागला. रयतेचे दुःख खरे असते. पण भ्यालेल्या रयतेची साक्ष कागदावर टिकत नाही, हा त्यातला कडू भाग होता.

पाच वर्षांनी, 26 मार्च 1902 रोजी, ते वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. जेम्स विल्सन यांनी 1860 साली सुरू केलेल्या या वार्षिक प्रकाराला तेव्हा वित्तीय विवरण म्हणत. सभासदांनी त्यावर बोलावे एवढीच मुभा होती, मतदान नव्हते. लागोपाठच्या वर्षांची शिल्लक दाखवून सरकार देशाच्या भरभराटीची ग्वाही देत होते. गोखल्यांनी शिलकेचा आकडा नाकारला नाही. तो त्यांनी मान्य केला, आणि तो आला कोठून एवढेच विचारले. रुपयाचा भाव पडत होता तेव्हा विलायतेचे देणे भागविण्यासाठी अधिक रुपये लागत, म्हणून कर वाढले. मिठावरचा कर 1888 साली मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे भाव सोळा पेन्सांवर स्थिरावला, देणे हलके झाले, कर मात्र चढेच राहिले. शिल्लक उरली ती त्यामुळे. बेरीज बिनचूक होती. तिच्याखाली लिहिलेला अर्थ खोटा होता. दुष्काळाने पिचलेल्या माणसाच्या मिठातून काढलेल्या पैशाला भरभराट हे नाव दिले गेले होते. 1903 साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे धाडसाचे होईल, आणि मिठाच्या हिशेबात तरी धाडस नको.

पण बेरीज बिनचूक का होती? माझ्या मते याचे उत्तर सद्गुणात शोधू नये. कलकत्त्याच्या सरकारला हिशेब द्यावा लागे तो लंडनमधल्या पार्लमेंटला आणि कर्जरोखे घेतलेल्या सावकारांना. त्यांच्यापुढे आकडे चोख ठेवणे भाग होते. रयतेला काहीच द्यावे लागत नव्हते. म्हणून तिच्या वाट्याला केवळ अर्थ येत असे. जमाखर्च ज्याला सादर करायचा त्याच्यापुरता तो प्रामाणिक असतो.

जेथे वरच्याची केवळ भीतीच उरते तेथे बेरीजही जाते. सोव्हिएत संघाने जानेवारी 1937 मध्ये शिरगणती केली. ती सुमारे 16 कोटी 20 लाख भरली. स्टालिनच्या अपेक्षेहून फार कमी. गणती रद्द झाली, ती करणारे संख्याशास्त्रज्ञ पकडले गेले, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. 1939 च्या गणतीला बसलेल्यांनी काय शिकायचे ते शिकले असणार. चीनमध्ये 1958 पासून खालचे अधिकारी धान्याचे आकडे फुगवून वर पाठवीत गेले. ऐन दुष्काळात तेथील सरकार आपल्याजवळ आहे त्याहून दहा कोटी टन धान्य अधिक आहे असे समजून चालले होते, असे अमर्त्य सेन यांनी नमूद केले आहे. येथे गोखल्यांची रीत निरुपयोगी ठरते, कारण उलटतपासणीला खरा कागदच शिल्लक नाही, राज्यकर्त्याजवळही नाही. मग बाहेरची साक्ष काढावी लागते. लुई मार्टिनेझ यांनी 2022 साली उपग्रहांनी टिपलेले रात्रीचे दिवे आणि सरकारांनी सांगितलेली वाढ यांची तुलना केली. हुकूमशाही राजवटी आपली वार्षिक वाढ सुमारे 35 टक्क्यांनी वाढवून सांगतात असा त्यांचा अंदाज आहे.

आपल्याकडे असा खटाटोप फार पूर्वी, उपग्रहांवाचून झाला होता. 1876 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत धाडली आणि पीकपाण्याची, मृत्यूंची हकीकत स्वतंत्रपणे गोळा केली. वीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सभेने वेगळाच मार्ग धरला. सरकारच्याच दुष्काळसंहितेतली कलमे मराठीत छापून तिने ती खेड्यापाड्यांत वाटली. पीक बुडाले तर सारा तहकूब करण्याचे वचन सरकारनेच दिले आहे, हे शेतकऱ्याला समजावून सांगितले. त्यात सभेचा असा एकही आकडा नव्हता. 1897 साली मुंबई सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.